गुरुवारची गोळी

आयुष्यातली पहिली गोळी मी माझ्या लग्नाच्या आठवड्यात घेतली. मुहूर्त आणि माझी पाळी एकाच दिवशी येत होती, म्हणून आईनं मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या. लग्न, मग सत्यनारायण, मग गावदेवाचा नारळ, एवढं सगळं उरकेपर्यंत मला पाळी येऊन चालणार नव्हतं. सासरीही तेच. गौरी आल्या की गोळी, नवरात्र बसलं की गोळी. बाईनं गोळी खाण्याला आमच्याकडं कुणाचीच हरकत नव्हती. फक्त ती देवासाठी खायची, स्वतःसाठी नाही.

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. बाकीचं जग रविवारी उशिरा उठतं, आमच्या कंपन्या गुरुवारी बंद. नवरा चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून गाड्यांचे भाग काढतात तिथं. मी निघोज्याजवळच्या एका कंपनीत, गाडीच्या आत जे तारांचं जाळं असतं ते बांधायच्या लाइनवर. राहायला मोशीत, दोन खोल्या. आठवडाभर आमच्या शिफ्ट एकमेकींना चुकवायच्या. एक घरात शिरलं की दुसरं चप्पल घालायचं. गुरुवारी मात्र दोघंही घरात, आणि गुरुवारी मी मार खायची.

लोक म्हणायचे, कंपनीचं टेन्शन असतं हो पुरुषांना. त्याच शेडमधले बाकीचे तोच आवाज ऐकून, तेच पत्रे उचलून घरी जात आणि बायकोबरोबर शेंगा सोलत बसत. टेन्शन काय फक्त आमच्याच पत्त्यावर येत होतं? चहा गार झाला म्हणून कानाखाली, फोन चार्जिंगला लावला नाही म्हणून पाठीत, आणि मी उलट बोलले की मग विचारायलाच नको. मी तोंडाची फटकळ आहे, मला मान्य आहे. लहानपणापासून आई म्हणायची, हिची जीभ हिला खाणार. पण जिभेला लाथेनं उत्तर द्यायचं कुठल्या शाळेत शिकवतात, ते मला अजून कळलेलं नाही.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. चौथा महिना होता. एका गुरुवारी तो म्हणाला, कंपनी सोड. मी म्हटलं, तुम्ही सोडा. त्यानं मला केसांना धरून खाली पाडलं आणि लाथ घातली. लाथ पोटात बसली. मुद्दाम मारली की चुकून लागली, यावर त्यानं नंतर पुष्कळ वाद घातला, जणू त्यात काही ठरायचं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दवाखान्यात मी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. सिस्टरनं माझ्या पोटावरचा काळानिळा डाग पाहिला आणि म्हणाली, "तुमच्याकडं बाथरूमला पाय फुटलेत वाटतं." मग तिनं चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, "परत इतक्यात राहू देऊ नका."

सासू गावाहून आली. ती जालन्याकडं राहायची. माझ्या डोक्यावर तेल थापत म्हणाली, "लौकर दुसरं राहू दे. पोरगा झाला की सुधरंल त्यो." मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाचं मूल पुन्हा पोटात वाढवायचं नाही. वाढवायचं मी आणि मारायचं यानं, हा धंदा बंद. आता त्याला जवळ येऊ दिलं नाही तर झालं, असं कुणी म्हणेल. त्यांनी नाही म्हणून बघावं. मी दोनदा म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी सुजलेला ओठ मास्कखाली झाकून मी लाइनवर उभी राहिले.

पहिल्या शिफ्टनंतर एके दिवशी मी कंपनीच्या बसमधून मोशीच्या आधीच उतरले आणि एका सरकारी उपकेंद्रात गेले. तिथल्या ताईनं बीपी बघितलं, डोकं दुखतं का, कावीळ झाली होती का, असं बरंच विचारलं आणि पाकीट समोर ठेवलं. एकवीस पांढऱ्या गोळ्या, आणि सगळ्यात खाली सात काळपट. पांढऱ्या मूल राहू नये म्हणून, काळपट लोहाच्या. पाळी येते ती काळ्या गोळ्यांच्या दिवसांत. रोज एकाच वेळी घ्यायची, ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, माझी झोपसुद्धा रोज एका वेळी नसते." ती हसली, मग विचारलं, "मिस्टरांना माहिती आहे?" मी नाही म्हटलं. "मग ठेवणार कुठं?"

ठेवणार कंपनीतल्या लॉकरमध्ये. सगळ्या जगात माझी म्हणून कुलपाची जागा तेवढीच होती. पाळीच्या पाचव्या दिवशी, लॉकरचं दार अर्धं उघडं धरून, त्याच्या आड मी पहिली गोळी गिळली. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी कसली, तर माझ्याच पोटाची. दोन दिवसांनी लाइनवर उभी असताना पोटात ढवळलं आणि मी धावत जाऊन ओकले. परत आले तर सगळी लाइन गालात हसत होती. एकीनं आवळासुपारी दिली, दुसरी म्हणाली, "पेढे कधी?" मूल राहू नये म्हणून खाल्लेल्या गोळीनं मला डोहाळे लागल्याची बातमी अख्ख्या शेडमध्ये गेली. मी सुपारी चघळत उभी राहिले आणि खूप दिवसांनी मनापासून हसले.

अडचण गुरुवारची होती. गुरुवारी कंपनी बंद, लॉकर बंद. म्हणून बुधवारी सुटताना मी तार कापायच्या पकडीनं पाकिटातून एक गोळी कापून घ्यायची आणि गळ्यातल्या आयकार्डात माझ्या फोटोच्या मागं सरकवायची. गुरुवारी सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून ती घ्यायची. म्हणजे ज्या दिवशी तो दिवसभर घरात, ज्या दिवशी त्याचा हात चालायचा, त्याच दिवशी गोळी घरात. एका गुरुवारी त्यानं दारावर अशी लाथ घातली की कडी वाकली आणि गोळी माझ्या हातातून मोरीत पडली. तो बाहेरून शिव्या देत होता. मी वाकून ती साबणाच्या पाण्यातून उचलली आणि तशीच गिळली. मग दार उघडलं आणि मार खाल्ला. पाठ सडकून निघत होती आणि मी मनात म्हणत होते, मार, गोळी आत गेली.

पहिलं पाकीट असं पार पडलं. दुसरं सुरू केलं त्या मंगळवारी सासू पुन्हा आली. मार्गशीर्ष लागत होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्यात महालक्ष्मीचा घट मांडतात, दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावून उद्यापन. सासूला ते माझ्या घरात करायचं होतं, लेकराची पीडा जावी म्हणून. पीडा तिच्या लेकराची. माझ्या पाठीला काय झालं होतं ते तिनं तेल लावताना बघितलं होतं.

पहिल्याच गुरुवारी सकाळी मुलगी माझं आयकार्ड गळ्यात घालून कंपनी-कंपनी खेळत होती. मी कणीक मळत होते. फोटो बाहेर आला, गोळी खाली पडली आणि पोरीनं ती उचलून सरळ आजीला नेऊन दिली. नवरा दोन हातांवर फोन बघत लोळत होता.

"ही कशाची गोळी हाय गं?" सासूनं विचारलं.

जीभ माझी, ती कुठं थांबते. "पाळी पुढं जायची आहे, आत्याबाई. गुरुवार आलेत ना."

नवऱ्यानं मान वर केली आणि परत फोनमध्ये घातली. देवाधर्माचं होतं, त्याचा प्रश्न नव्हता. सासू म्हणाली, "बरं केलंस. बाकीच्या कुठायत?"

"कंपनीत."

"कंपनीत कामून? देवाच्या कामाची वस्तू घरात असू दे. घेऊन ये. म्या देत जाईन रोज."

मी दुसऱ्या दिवशी पाकीट घरी आणलं. वरचं कागदी खोकं फाडून कंपनीतच टाकलं होतं, नुसती चकचकीत पट्टी आणली. सासूनं ती उलटसुलट करून पाहिली आणि देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या फोटोमागं ठेवली. तिला वाचता येत नव्हतं.

मग पुढचे तीन आठवडे जे चाललं त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की सासू देवापुढं निरांजन लावायची, पट्टीतून एक गोळी काढायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. वर तांब्यातलं पाणी. मी ती गोळी तिच्या लेकासमोर, देवीसमोर, डोळे मिटून घ्यायची. दुसऱ्या शिफ्टला उशिरा उठले तरी ती मला हलवून उठवायची. रोज एकाच वेळी, त्या उपकेंद्रातल्या ताईनं सांगितलं होतं तसं. मला आतून हसू यायचं आणि भीतीही वाटायची, दोन्ही एकदम.

मार थांबला होता असं नाही. दुसऱ्या गुरुवारी मी घटापुढं रांगोळी काढत होते, तर उपासाची खिचडी फडफडीत झाली म्हणून त्यानं मला मानेला धरून रांगोळीत तोंड घासलं. सासू म्हणाली, "अरे, आज गुरुवार हाय. आज तरी नको." आज तरी नको. म्हणजे शुक्रवारी चालेल. आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेल्या त्या सुपुत्रानं खरोखरच शुक्रवारी सकाळी उरलेला हिशेब पट्ट्यानं पुरा केला.

शेवटचा गुरुवार म्हणजे काळ्या गोळ्यांचा तिसरा दिवस. मागच्या पाकिटाच्या वेळी पाळी चौथ्या काळ्या गोळीला आली होती, म्हणून मी धरून चालले होते की शुक्रवारी येईल, उद्यापन पार पडेल. काळ्या सोडून सरळ नवीन पाकीट सुरू केलं असतं तर पाळी लांबली असती, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी बोटं मोजत बसले होते. शरीर काही कंपनीची शिफ्ट नाही, की घंटा वाजल्यावरच यावं.

संध्याकाळच्या पूजेला पाच सवाष्णी आल्या होत्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावत होते, हातात केळं आणि व्रताची पोथी देत होते. शेजारची बाई माझ्या मागं उभी होती. ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "अगं, मागं बघ." पिवळी साडी होती. सगळ्यांनी पाहिलं, आणि दारात उभ्या असलेल्या त्यानंही. मग तो सासूला म्हणाला, "ही तर रोज गोळी खायली ना? मग आली कशी?"

त्यानं फोटोमागची पट्टी काढली, त्यावरची बारीक अक्षरं फोनमध्ये टाकली आणि वाचायला लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. सवाष्णींनी केळी पदरात घेतली आणि एकेक करून निघाल्या. शेजारची बाई जाताना माझ्या मुलीला कडेवर घेऊन गेली, तेवढे तिचे उपकार. दार लागलं.

"कवापासून खायलीस?"

"तुम्ही पोट पाडलंत तेव्हापासून," मी म्हटलं. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

पहिला ठोसा तोंडावर बसला. दुसऱ्यानं मी कडप्प्याच्या ओट्यावर आदळले, हात खाली आला आणि मनगटात काहीतरी कट्कन मोडलं. तो ओरडत होता, माझा वंश बुडवतेस, मला येडं समजलीस, आणि प्रत्येक शब्दाला एक लाथ. सासू तिथंच होती, दोन हातांवर. गॅसवर पुरण होतं. मी खाली पडून वर बघत होते आणि मला स्पष्ट दिसलं, तिनं हात लांब करून गॅस बंद केला. पुरण करपू नये म्हणून. मग ती देव्हाऱ्याकडं तोंड करून बसली.

मी मोडका हात पोटाशी धरून सरकत घटापर्यंत गेले. तो मला पायाला धरून ओढायला वाकला आणि मी डाव्या हातानं घटाचा तांब्या उचलला, पाण्यानं भरलेला, वर नारळ, आणि त्याच्या डोक्यात घातला. नारळ गडगडत दारापर्यंत गेला. मी परत घातला. "मार आता," मी म्हणाले, "मार की रे." सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे म्हणाले. कानावरून रक्त आलं तसा तो मटकन खाली बसला आणि बोटांना लागलेलं रक्त बघत राहिला. मार दुखतो ही बातमी त्याला तेव्हा कळली असावी. तिसऱ्यांदा मी तांब्या उचलला होता. खरं सांगते, तो मरावा असंच मला वाटत होतं. हातातून तांब्या निसटला म्हणून तो वाचला.

दवाखान्यात आम्ही एकाच रिक्षात गेलो. तो एका कडेला डोक्याला टॉवेल लावून, मी दुसऱ्या कडेला, मध्ये त्याची आई. रिक्षावाला आरशातून बघत होता. कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या कुटुंबाला अपघात झाला.

त्याला टाके घालायला आत नेलं. माझ्या हाताला प्लास्टर चढलं आणि मला बाकावर बसवलं. सासू शेजारी येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"पाकीट आणलंस त्याच दिशी वळखलं म्या," ती म्हणाली.

"काय ओळखलं?"

"खालच्या काळ्या गोळ्या. म्या बी खाल्ल्यात त्या. तुझी नणंद झाली, त्याच्या मागून."

"मामंजींना माहीत होतं?"

"त्यांना कळलं असतं तर म्या आज हितं बसले असते का?"

"मग मला एका शब्दानं का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करायचं? तू खात हुतीस, म्या देत हुते."

"आणि तो मारत होता तेव्हा?"

ती खालीच बघत म्हणाली, "त्याच्या बापाला कधी बोलले न्हाई. पोराला काय बोलू."

मला तिचा इतका संताप आला, तेवढा त्याचाही आला नव्हता. तो जनावर होता, समजत नव्हतं त्याला. हिला सगळं समजत होतं. वीस-पंचवीस वर्षं समजत होतं, आणि हिनं गॅस बंद केला. मी म्हटलं, "उठा इथून." ती उठली नाही.

थोड्या वेळानं पोलीस वही घेऊन आला. त्यानं आधी तिलाच विचारलं, वयानं मोठी म्हणून. "आजी, तुम्ही घरात होता ना? काय झालं?"

"म्या सैपाकाचं बघत हुते," ती म्हणाली. "मला काय दिसलं न्हाई."

मग मी सांगितलं. ठोसा, ओटा, लाथा, तांब्या दोनदा, तिसऱ्यांदा निसटला तेही. चौथ्या महिन्यातली लाथही सांगितली. पोलीस लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "तांब्याचं कशाला सांगता, ताई?" मी म्हटलं, "झालं ते सगळं लिहा." उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवला. बारावी शिकलेल्या बाईनं अंगठा दिला, त्याचंही वाईट वाटलं.

मी त्या घरात परत गेले नाही. मोशीतच दुसरीकडं मी आणि मुलगी राहतो, केस चालू आहे, तारखा पडतात. गोळ्या मी बंद केल्या. नवराच बंद केला, मग गोळी कशाला? सासू गावी गेली ती गेलीच, नंतर आमची भेट नाही. तिनं एकदा कुणाच्या तरी फोनवरून नातीशी बोलायचं म्हटलं, मी फोन दिला, स्वतः बोलले नाही.

मी तिला माफ केलेलं नाही. करणारही नाही, कारण ते पुरण मला अजून दिसतं. पण तिच्या पोराचं मूल माझ्या पोटात राहिलं नाही, ते ती रोज सकाळी माझ्या तळहातावर गोळी ठेवायची आणि मी ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही म्हणून.